कार्लाईलची जत्रा

अमेरिकेला जाऊन नायगारा न पाहता परत आलेला माणूस आमच्या सोसायटीत मी एकटाच निघालो. परतल्यावर पहिल्या रविवारी चार शेजारी चहाला आले आणि म्हणाले, "फोटो दाखवा." मी दाखवले. गंजलेली फ्लायव्हीले, तेलाने माखलेल्या गिअर बॉक्स, गवतावर उभी केलेली रेडिएटरांची चळत, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध कानटोपी घालून उभा असलेला मी. "अहो, हे तर जुन्या बाजारातले दिसतायत!" एकजण म्हणाला. त्याचे अगदीच चुकले नव्हते. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी पाहिला तो पेनसिल्व्हेनियात, कार्लाईल नावाच्या गावी, वसंतात आणि शरदात भरतो.

माझा भाचा तिथून दहा-बारा मैलांवर मेकॅनिक्सबर्गला राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कॉनेस्टोगा नावाच्या मोठाल्या छपरी मालगाड्या ह्या वाटेने पश्चिमेकडे जात. त्यांची मोडतोड दुरुस्त करणारे कारागीर इथे वस्ती करून राहिले, म्हणून मेकॅनिक्सबर्ग. आता त्या गावात मेकॅनिक औषधालाही सापडत नाही, असे भाचा म्हणतो. आळीतले बहुतेक लोक कॉम्प्युटरपुढे बसणारे. सस्क्वेहाना नदीपलीकडे हॅरिसबर्ग ही राज्याची राजधानी आहे. सकाळी सगळे तिकडे जातात आणि संध्याकाळी परततात, ठाण्या-डोंबिवलीसारखेच, फक्त बसायला जागा मिळून.

मी स्वतः मेकॅनिक नव्हे. एस.टी.च्या दापोडीच्या कार्यशाळेत भांडार विभागात मी तीस वर्षे काढली. कुठल्या गाडीला कुठला भाग लागतो, त्याच्यावर कुठला आकडा ओतलेला असतो आणि दिसायला सारखे असूनही कुठले दोन भाग एकमेकांच्या जागी बसत नाहीत, एवढेच माझे ज्ञान. निवृत्तीनंतर त्याचा कुणाला उपयोग होईल असे वाटले नव्हते. पण उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी भाचा म्हणाला, "मामा, जरा गॅरेजमध्ये येता?"

गॅरेजमध्ये १९६९ सालची शेव्हरोले शेव्हेल उभी होती. गर्द निळा रंग, दोनच दारे आणि नाकासमोर 'एस.एस. ३९६' अशी अक्षरे. हा ३९६ म्हणजे इंजिनाचा घनफळाचा आकडा, क्युबिक इंचांत. आपल्या हिशेबाने साडेसहा लिटर. आमची जुनी प्रीमियर पद्मिनी १०८९ सी.सी.ची होती; म्हणजे सहा पद्मिनींचे पोट ह्या एका गाडीला. अशा गाड्यांना तिकडे मसल कार म्हणतात. पहिलवान गाड्या म्हणा ना! मध्यम आकाराच्या घरगुती गाडीत दांडगे इंजिन बसवून तरुण पोरांना परवडेल अशा किमतीत विकायची, ही त्यामागची युक्ती. १९६४ साली पॉन्टिअॅकने जी.टी.ओ. काढली तेव्हापासून ह्या प्रकाराला जोर आला, आणि विम्याचे वाढलेले हप्ते, धुराचे नवे नियम आणि १९७३ चा तेलाचा तुटवडा ह्यांनी दहा वर्षांच्या आत तो संपवला.

शेव्हरोले हे नाव मात्र आपल्याला परके नाही. जनरल मोटर्सने १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीला गाड्या जुळवल्या. आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक 'शेवरलेट' म्हणत ते त्याच गाड्यांना. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो तासभर खूष होता.

ही गाडी मुळात त्याच्या शेजाऱ्यांची. घरातली मुले त्यांना आजोबा म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागलो. वयाने ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. व्हिएतनामहून परत आल्यावर साठलेल्या पगारातून त्यांनी ती नवी घेतली होती, हाताने टाकायच्या चार गिअरांची. १९८४ साली पहिल्या गिअरचे दाते गेले. घरात बायकोही गाडी चालवी आणि तो जड क्लच तिला दाबवत नसे. तेव्हा आजोबांनी मोडीतल्या गाडीची ऑटोमॅटिक गिअर बॉक्स आणून बसवली आणि मूळची भंगारात दिली. बायको गेली. चार वर्षांपूर्वी गाडी त्यांनी भाच्याला विकली, बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीला, एका अटीवर: ती परत चार गिअरांची करायची. अट कुठे लिहिलेली नव्हती. भाच्याने "हो" म्हटले होते, इतकेच.

चार वर्षे नोकरी, मुले, घराचे कर्ज ह्यांत गेली. आणि आता आजोबांच्या नाकाला प्राणवायूची नळी लागली होती. नोव्हेंबरात त्यांची मुलगी त्यांना अॅरिझोनाला घेऊन जाणार होती, कायमची.

"मामा, ह्या शरदात झालं तर झालं," भाचा म्हणाला.

शहाण्या माणसाने अशा वेळी काय केले असते? आजकाल जुन्या गाड्यांसाठी मुद्दाम बनवलेली पाच गिअरांची नवी कोरी पेटी मिळते, हमीपत्रासकट. पाचव्या गिअरमुळे महामार्गावर इंजिन शांत चालते, पेट्रोल कमी लागते. भाच्याच्या मित्रांनी त्याला तोच सल्ला दिला होता, आणि व्यवहाराच्या दृष्टीने तो बरोबर होता. पण त्या पेटीला तीन हजार डॉलरांच्या वर पडत होते. शिवाय आजोबांनी चार म्हटले होते, पाच नव्हे. इकडे भाचेसुनेने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितले, "मामा, तुम्ही बरोबर आहात म्हणून सांगते. दोन हजारांच्या वर एक डॉलर गेला, तर डिसेंबरची पुण्याची तिकिटं रद्द. आईची पंचाहत्तरी आहे."

दोन हजार डॉलरांत गाडीही जुळवायची आणि पंचाहत्तरीही साधायची, अशी जबाबदारी घेऊन आम्ही ऑक्टोबरातल्या एका पहाटे निघालो.

कार्लाईल हे गाव तसे ऐतिहासिक. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा टोलचा प्रसिद्ध महामार्ग १९४० साली प्रथम खुला झाला, तेव्हा त्याचे पूर्वेकडचे टोक इथे होते. इथल्या लष्करी छावणीत १८७९ ते १९१८ पर्यंत अमेरिकन आदिवासींच्या मुलांसाठी शाळा होती. केस कापून, नावे बदलून, मातृभाषा बंद करून त्यांना 'सुधारण्या'चा तो उद्योग होता. जिम थॉर्प हा ऑलिंपिकवीर तिथलाच विद्यार्थी. त्या छावणीवरून गाडी गेली तेव्हा भाच्याने हे सांगितले आणि थोडा वेळ आम्ही दोघेही गप्प होतो. मक्याची शेते कापणीला आली होती आणि मेपलची झाडे लालभडक झाली होती. थंडी मात्र अशी की नाकाचा शेंडा आपला वाटेना.

आणि मग ते मैदान. १९७४ साली मिलर आडनावाच्या दोन मित्रांनी (नात्याचे नव्हेत) महायुद्धानंतरच्या गाड्यांसाठी इथे पहिला मेळा भरवला. त्याचे आता वर्षभर चालणारे मोठे प्रस्थ झाले आहे. पत्र्याच्या शेडी, त्यांच्यापुढे रांगा, रांगांपुढे आणखी रांगा. प्रत्येकाने आपल्या ट्रकच्या पाठीमागे ताडपत्री पसरून माल मांडलेला. पंढरपूरच्या वाळवंटात माणसे दिसतात तशी इथे चाके, दरवाजे, बंपर आणि कार्ब्युरेटर. लोक लहान मुलांच्या ढकलगाड्या ओढत हिंडतात आणि त्यांत मूल नसते, डिफरन्शियल असते. एक सद्गृहस्थ पाठीवर पाटी लावून फिरत होते: अमुक साली बनलेल्या अमुक गाडीचे डावे मागचे दिव्याचे भिंग पाहिजे. उजवे नको. मला त्यांच्याविषयी अतिशय आदर वाटला.

आम्हाला काय हवे होते ते आता सांगितले पाहिजे. गृहिणींनी ही दोन परिच्छेद वगळली तरी चालतील, पण माझा अनुभव असा की यंत्राचे मर्म त्यांनाच लवकर कळते. इंजिनाच्या पाठीमागे फ्लायव्हील नावाची जड लोखंडी तबकडी फिरत असते. तिच्याला चिकटून क्लच प्लेट, आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट. जात्याच्या दोन तळ्यांमध्ये भाकरी दाबून धरावी तशी ती क्लच प्लेट दाबलेली असते आणि म्हणून फिरते. पायाने पेडल दाबले की एक बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटची बोटे दाबते, पकड सुटते आणि गिअर बदलता येतो. क्लच प्लेटच्या मधल्या भोकात खाचा असतात. गिअर बॉक्सचा पुढचा दांडा तिच्यात शिरतो, त्याच्यावरही तितक्याच खाचा लागतात. सगळ्यावर घंटेसारखे झाकण असते, ते बेल हाउसिंग.

म्हणजे एक भाग दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, असे सगळे जुळायला हवे. छत्तीस गुणांची पत्रिकाच ती. आणि पत्रिकेपेक्षा वाईट गोष्ट ही की इथे न जुळणारे भागसुद्धा बोल्टांच्या भोकांत व्यवस्थित बसतात. घोटाळा कळतो तो सगळे आवळून झाल्यावर.

ह्या गाडीला मूळची होती ती मन्सी गिअर बॉक्स. इंडियाना राज्यात मन्सी नावाचे गाव आहे, तिथे जनरल मोटर्सने १९६३ पासून १९७४ पर्यंत ही चार गिअरांची पेटी बनवली. तिच्या तीन जाती: एम-२०, एम-२१ आणि एम-२२. पहिल्या जातीत पहिला गिअर २.५२ चा, म्हणजे जागेवरून उचलायला हलका, दुसरीत २.२०, शर्यतीच्या कामाचा. तिसरीचे दाते कमी तिरपे कापलेले. तिरपे दाते एकमेकांत हळूच शिरतात म्हणून आवाज कमी होतो. सरळ दाते ताकदीला चांगले पण कण्हतात. म्हणून एम-२२ ला लोक 'दगडफोड्या' म्हणतात आणि तिच्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात. पहिल्याच रांगेत एकाने ती आमच्यापुढे साडेचार हजाराला धरली. भाच्याचे डोळे लकाकले. मी त्याला पंचाहत्तरीची आठवण दिली आणि पुढे नेले.

दुसऱ्या दुकानी पेटी मिळाली ती कशी? धुतलेली, पुसलेली, अॅल्युमिनियम चांदीसारखे चकाकणारे, किंमत बाराशे. "एकोणसत्तरची आहे, शपथेवर सांगतो," विक्रेता म्हणाला. मी हातमोजा काढून पुढचा दांडा अंगठ्याने चाचपला. खाचा बारीक लागल्या. मोजल्या तर २६. १९७० पर्यंतच्या पेट्यांना पुढे १० जाड खाचा आणि मागे २७. त्यानंतर पुढे २६ आणि मागे ३२. ती पेटी आमच्या क्लच प्लेटमध्ये गेली नसती आणि मागे प्रॉपेलर शाफ्टलाही लागली नसती. गंमत म्हणजे आजोबांनी बसवलेल्या ऑटोमॅटिकला मागे २७ च खाचा होत्या, त्यामुळे जुन्या पद्धतीची पेटी मिळाली तर तोच शाफ्ट जसाच्या तसा चालणार होता. विक्रेत्याला मी २६ हा आकडा बोटांनी करून दाखवला. त्याने खांदे उडवले. तो खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. शपथ घेणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी खाचा मोजलेल्या नसतात, हे मला दापोडीपासून माहीत आहे.

दुपारपर्यंत दोन कामे झाली. बेल हाउसिंग मिळाले. त्याच्यावर ३८९९६२१ हा आकडा ओतलेला असतो आणि जाणकार नुसते '६२१' म्हणतात. मोठ्या, ११ इंची क्लचचे ते. दोनशे डॉलर. फ्लायव्हीलला मात्र वेळ लागला. १६८ दात्यांचे हवे होते, ते पुष्कळ होते. पण १९७० साली शेव्हरोलेने ४५४ क्युबिक इंचांचे इंजिन काढले, त्याच्या फ्लायव्हीललाही १६८ दातेच. बोल्टही तेच. फरक इतकाच की ४५४ चा तोल राखण्यासाठी त्या चाकाला मुद्दाम एका बाजूला वजन ठेवलेले असते, आणि ते ३९६ ला लावले तर गाडी हिवताप आल्यासारखी थरथरते. तीन चाके उलटी करून पाहिली, तिन्ही तसली. चौथे सारख्या वजनाचे निघाले. खडूने खूण करून भाच्याने दाते मोजले आणि दीडशे दिले.

मग आम्ही बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या व्हिनेगर शिंपडून खाल्ल्या. ह्या पदार्थाविषयी माझे मत चांगले आहे.

पेटी मिळाली ती दिवस कलताना, मैदानाच्या अगदी टोकाला. एक बाई घडीच्या खुर्चीवर विणत बसल्या होत्या. पुढे टेबलावर हत्यारे, जुनी मासिके, आणि खाली गोधडीवर ठेवलेली एक मन्सी. पुसलेली नव्हती, चाळीस-पन्नास वर्षांचे तेल आणि माती तिच्यावर तशीच. मला धुतलेल्या मालापेक्षा असला माल आवडतो. ओतीव आकडा ३९२५६६१, म्हणजे १९६८ ते ७० चा. पुढे खाचा १०. दांड्यावर दोन कंकणे कोरलेली. ती एम-२० ची खूण. बाजूला ठोकलेला संकेत आम्ही खरवडून वाचला: पी-९-सी-१२-ए. पी म्हणजे मन्सी, ९ म्हणजे १९६९, सी म्हणजे मार्च, तारीख १२, आणि शेवटचा ए म्हणजे तोच २.५२ चा पहिला गिअर. तीस वर्षे असले संकेत वाचून मी पोट भरले होते. पण परमुलखात, परक्या यंत्रावर, एकही अक्षर न अडता वाचता आले तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगून पटायचा नाही.

शेजारीच दुसऱ्या कुणाच्या गाडीचा नंबर ठोकलेला होता. इंजिन, पेटी आणि गाडी ह्यांचे नंबर जुळले तर तिकडे किंमत दुप्पट होते, आणि म्हणून जुने नंबर घासून नवे ठोकणारेही निपजले आहेत. "आपल्याला कुठं विकायचीय?" भाचा म्हणाला, आणि तो विषय तिथेच संपला.

बाईंनी पाना दिला. बाजूचे झाकण उघडून पाहिले. दाते शाबूत होते. दुसऱ्या गिअरची पितळी कडी मात्र झिजलेली. खालचा आडवा दांडा ज्या भोकात बसतो ते भोक ह्या पेट्यांत सैल होते आणि तेल गळू लागते; इथे तो घट्ट होता. बाई म्हणाल्या, नवऱ्याने ही एका गाडीसाठी जमवली होती, गाडी कधी मिळालीच नाही. किंमत अठराशे.

आता आमच्याजवळ उरले होते सोळाशे पन्नास. भाच्याने आजोबांची हकीकत सांगितली, नळीसकट. मला ते आवडले नाही. भावासाठी कुणाचा आजार पुढे करू नये. पण त्याला घासाघीस करायची नव्हती, नुसते सांगायचे होते, हे त्या बाईंना माझ्या आधी कळले. त्यांनी विणकाम मांडीवर ठेवले आणि विचारले, "ते स्वतः चालवणार का?"

"डॉक्टर परवानगी देत नाहीत. ते शेजारी बसतील."

"पंधराशे," बाई म्हणाल्या. "आणि दुसरा गिअर कुरकुरेल, थंड असताना. माझ्या नवऱ्याने सांगितलं होतं. नंतर मला बोल लावू नका."

पेटीचे वजन सत्तर-पंचाहत्तर पौंड. दोघांनी ती गोधडीत बांधून ट्रकपर्यंत आणली; गोधडीही बाईंनी देऊन टाकली.

पुढचे तीन शनिवार-रविवार गॅरेजमध्ये गेले. आजोबा रोज घडीची खुर्ची घेऊन दारात बसत आणि नळी सावरत सूचना करीत. त्यांनी माळ्यावरून लाकडी खोके उतरवून घेतले होते. त्यात १९८४ साली काढलेले क्लचचे पेडल, त्याचा झेडच्या आकाराचा आडवा दांडा, गिअरचा दांडा, सगळे वर्तमानपत्रात गुंडाळलेले. "तुम्हाला माहीत होतं, परत लागणार म्हणून?" मी विचारले. "बायकोला नको सांगू," ते म्हणाले.

भाच्याने मागवलेल्या नव्या क्लचच्या संचात बेअरिंग उंच जातीचे निघाले. ह्या गाड्यांना दोन उंचीची बेअरिंगे येतात. प्रेशर प्लेटची बोटे वाकलेली की सपाट, त्यावर कुठले ते ठरते. चुकीचे बसवले तर पेडलला मोकळी चाल राहत नाही आणि क्लच जळतो. एक आठवडा त्यात गेला. नंतर बेल हाउसिंगचे मधले भोक इंजिनाच्या मध्याशी जुळते का ते डायल लावून मोजले. पाच हजारांश इंचापर्यंत चालते. आमचे बारा भरले. किंचित तिरकस केंद्राच्या खुंट्या आणून ते सरळ करावे लागले. भाच्याला घाई होती आणि तो म्हणत होता, "मामा, सात हजारांश म्हणजे केसाएवढंही नाही." मी म्हणालो, "अरे, पेटी पुन्हा उतरवायला आजोबा इथे नसतील." मग तो निमूटपणे खुंट्या आणायला गेला.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी गाडी अंगणात उतरली. आजोबांना आम्ही शेजारच्या जागी बसवले, प्राणवायूचे नळकांडे पायाशी. मी मागे. इंजिन गरम व्हायच्या आधीच भाच्याने निघायची घाई केली आणि पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना पेटी करकरली. "थांब," आजोबा म्हणाले. त्यांनी डावा हात भाच्याच्या हातावर ठेवला. "क्लच. आता मध्ये क्षणभर उभा राहा. आता ओढ." करकर झाली नाही. मग तिसरा, मग चौथा, तसाच हातावर हात ठेवून. मक्याच्या कापलेल्या शेतांमधून आम्ही बोइलिंग स्प्रिंग्जच्या तळ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. वाटेत कुणी फारसे बोलले नाही. त्या इंजिनापुढे बोलणे ऐकूही आले नसते.

घरी आल्यावर आजोबा म्हणाले, "किल्ली काढून दाखव." १९६९ पासून ह्या गाड्यांची किल्ली स्टिअरिंगच्या दांड्यावर गेली, आणि गिअर उलट्यात टाकल्याशिवाय ती निघू नये अशी योजना असते. त्यासाठी पेटीपासून वर जाणारी एक पातळ सळई लागते. खोक्यात ती नव्हती. आजोबांनी खोके दोनदा उपसले.

आजोबा आता अॅरिझोनात आहेत. भाच्याची तिकिटे रद्द झाली नाहीत. पंचाहत्तरीला तो आला तेव्हा सोबत त्या सळईचे चित्र घेऊन आला होता, लांबी-रुंदीसकट. मी ते घेऊन बुधवारी जुन्या बाजारात एक फेरी मारली. मिळायची नव्हतीच. आजोबा फोनवर अजून विचारतात म्हणे, सळई मिळाली का. एप्रिलात कार्लाईलची जत्रा आहे.